ग्रामपंचायत पेपरलेस करायचीय, गावाचं अॅप घ्यावं का आधी दप्तर लावावं?

नवखा_उपसरपंच

नमस्कार मंडळी. मी उपसरपंच आहे, पहिलीच टर्म. गाव आटपाडीकडचं, वस्ती ३००० च्या आतबाहेर, निम्मी तरुण पोरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात केरळ, तामिळनाडू, पार बंगालपर्यंत पसरलेली. विषय असाय की २०२५ च्या सप्टेंबरात ते मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झाल्यापासून आमच्याकडं सारखं कोण ना कोण येतंय, "तुमची पंचायत पेपरलेस करून देतो, गावाचं स्वतःचं अॅप, वेबसाइट, व्हॉट्सअॅपवर दाखले, सगळं पॅकेजमध्ये". कोटेशन लाखाच्या वर, मेंटेनन्स दरवर्षी वेगळा. सरपंचताई तयार हायत, मेंबरपण तयार हायत, कारण शेजारच्या गावानं घेतलं आणि त्यांचा फोटो पेपरात आला.

मला मात्र धाकधूक वाटतीय. परवाच एक जण घरकुलासाठी नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या रजिस्टरचा, उतारा मागायला आला, रजिस्टरला घर अजून त्याच्या आज्याच्या नावावर, आजा वारून जमाना झाला, आणि पुढच्या पानावर त्याच घराला चुलत्याच्या नावानं दुसरा नंबर. आता हे असलंच अॅपमध्ये भरलं तर अॅपमध्ये पण आज्याच दिसणार ना? पण दुसरीकडं असंही वाटतं की बाहेरच्या पोरांना एका दाखल्यासाठी दोन-दोन दिवस रेल्वेनं यायला लागतं ते तर बंद झालं पाहिजे. ज्यांनी आपल्या गावात असलं काही केलंय त्यांनी सांगा सुरुवात कुठनं करायची, पैसे कशातनं टाकायचे, आणि अॅप घ्यावं का नको.

जुने_भाऊसाहेब

उपसरपंच, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंय, त्या आज्याच्या उताऱ्यात. मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो (आता सगळ्यांनाच ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, २०२४ पासून), सर्व्हिसमध्ये पंचायतीतलं कॉम्प्युटरचं संग्राम केंद्र बघितलं २०११ ला, मग २०१६ ला आपले सरकार सेवा केंद्र बघितलं, दर वेळेला नवा कॉम्प्युटर आला, नवा बोर्ड लागला, आणि कपाटातलं दप्तर होतं तसंच राहिलं.

आधी दप्तर लावा. नवीन लोकांना माहीत नसेल पण १९८० च्या दशकात नगरला अनिलकुमार लखिना कलेक्टर होते, त्यांनी कॉम्प्युटर न आणता नुसतं कागद लावून कार्यालय बदलून दाखवलं, लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर गाजलं ते. त्यात मूळ गोष्ट एवढीच की कुठला कागद कुठं आहे ते कारकून रजेवर असला तरी दुसऱ्याला सापडलं पाहिजे. सहा गठ्ठा पद्धत अजून कार्यालयीन पद्धतीत आहे, टेबलावरची चालू प्रकरणं वेगळी, प्रतीक्षाधीन वेगळं, नियतकालिकं वेगळी, स्थायी आदेश वेगळे, रेकॉर्डला पाठवायचं वेगळं, नष्ट करायचं वेगळं. आणि वर्गवारी, अ म्हणजे कायम ठेवायचं, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ ५ वर्षं, ड एक वर्ष. तुमच्या कपाटात आज काय असेल सांगू का, ड वर्गाची रद्दी वर आणि अ वर्गाचं जन्म-मृत्यू रजिस्टर सगळ्यात खाली, वाळवी लागलेलं. रद्दी आधी रीतसर यादी करून, मंजुरी घेऊन काढा. तिथंच निम्मं कपाट मोकळं होईल, आणि उरेल तेवढंच स्कॅन करायचंय. लोक उलटं करतात, सगळंच स्कॅन करतात, मग पेनड्राइव्हमध्ये पण तोच उकिरडा.

नमुना ८ चं वेगळं काम आहे, त्याला शॉर्टकट नाही. वॉर्ड घ्या एक-एक, शिपाई आणि एक मेंबर घेऊन घरोघर जा, मयताच्या वारसांकडनं अर्ज आणि मृत्यू दाखला घ्या, मासिक सभेत ठराव करा, मग फेर घ्या. भांडणाचं प्रकरण असलं तर हात लावू नका, बाजूला ठेवा. तुमच्याकडं ड्रोन मोजणी झाली असली तर सनद आणि मिळकत पत्रिकेशी क्षेत्र ताडून बघा. हे गावठाणाच्या ड्रोन मोजणीचं काम आपल्याच पुरंदर तालुक्यात सोनोरी गावी पहिल्यांदा करून बघितलं होतं, नंतर २०२० ला केंद्रानं स्वामित्व योजना म्हणून देशभर नेलं. म्हणजे नवीन गोष्ट गावात सुरू होऊन दिल्लीला जाऊ शकते, पण तिथं मोजणीच्या आधी चुना टाकून हद्दी आखायला माणसं उन्हात उभी होती हे कुणी सांगत नाही.

केंद्रचालक_७७

भाऊसाहेबांशी शंभर टक्के सहमत पण एक राहिलं. हे सगळं कॉम्प्युटरला भरणार कोण? मीच ना. मी परभणीकडचा केंद्रचालक, मला माझ्या बाजूनं बोलू द्या जरा.

उपसरपंच साहेब, तुमच्याकडं सिस्टिम नाही असं नाही, सिस्टिमा ढिगानं आहेत. जन्म-मृत्यू केंद्र सरकारच्या सीआरएस पोर्टलला, दाखले आपले सरकारला, खर्च आन आराखडा ई-ग्रामस्वराजला, घरपट्टीचं सॉफ्टवेअर अजून वेगळं. लोकांना बघायचं असलं तर मेरी पंचायत अॅप आहे, गावाला निधी किती आला कुठं खर्चला ते फुकट दिसतं त्याच्यात, किती जणांनी उघडून बघितलं विचारा गावात. आता त्याच्यावर तुमचं गावाचं अॅप आलं की तीच माहिती मी पुन्हा एकदा भरायची. तीच नावं, तेच घर नंबर, पुन्हा टाइप. आन दोन ठिकाणी भरलं की दोन ठिकाणी फरक पडतोच पडतो, मग लोक मोबाईल दाखवून भांडतात की अॅपवर बाकी शून्य दिसती तुम्ही पावती कशाची फाडताव.

साइट दुपारी लय स्लो चालती म्हणून मी सकाळी सातलाच येऊन बसतो, लाइट असली तर. बॅटरी बॅकअप हा पहिला खर्च करा, अॅप राहू द्या. पगाराचं तर काय सांगू, पंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतनं सेवा केंद्रापोटी महिन्याला १२ हजाराच्या वर कापून जायचे आन आमच्या हातात ६-७ हजार पडायचे तेपण कधी तीन महिन्यांनी एकदम, बाकीचं स्टेशनरी, कनेक्टिव्हिटी कशात कशात. आता ज्याला वेळेवर पगार नाही तो तुमचं रजिस्टर जीव लावून भरील का?

आन डोंगलचं, म्हणजे डिजिटल सही करायच्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूचं बोलतो, राग मानू नका. पैसे काढायला दोन डिजिटल सह्या लागतात, एक ग्रामसेवकाची एक सरपंचाची, म्हणजे दोघांनी बघून सही करावी हा हेतू. बहुतेक ठिकाणी दोन्ही डोंगल एकाच रेक्झिनच्या पाकिटात असतात, पाकीट माझ्यासारख्याच्या ड्रॉवरला, आन पासवर्ड पाकिटावरच पेनानं लिहिलेला. बाई सरपंच असल्या तर डोंगल साहेबांच्या, म्हणजे त्यांच्या मालकांच्या खिशात. तुमच्याकडं सरपंचताई आहेत म्हणताव म्हणून सांगितलं.

सरळ_बोलतो

सगळे दप्तर दप्तर करतायत पण सामान्य माणसाला तुमच्या कपाटाचं काय घेणंदेणं नाही भौ. त्याला एकच पाहिजे, अर्ज दिला की पोच. ती पोच तारखेची, नंबरची, शिक्क्याची. लोकसेवा हक्क कायदा राज्यात २०१५ च्या २८ एप्रिलपासून लागू आहे, ठरलेल्या दिवसांत दाखला नाही मिळाला तर पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग, आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५००० दंड. पण हे सगळं घड्याळ सुरू कधी होतं, पोच मिळाली तर! म्हणून तर पोच देत नाहीत. "कागद ठेवून जा, भाऊसाहेब आले की बघू." झालं, तुमचा अर्ज हवेत. ऑनलाइन टाकला की नंबर आपोआप पडतो, तारीख आपोआप पडते, ऑनलाइनचा खरा फायदा एवढाच आहे आणि नेमका तोच कुणाला नको असतो. मी एका ठिकाणी बघितलंय, अर्ज कागदावरच घ्यायचे, दाखला तयार झाला की मग त्याच दिवशी ऑनलाइन अर्ज भरायचा आणि त्याच दिवशी निकाली काढायचा. रिपोर्टला शंभर टक्के वेळेत. वरनं सत्कार.

उपसरपंच तुम्ही एवढंच करा, आलेला प्रत्येक अर्ज त्याच मिनिटाला चढवायचा, कागद टेबलावर ठेवून घ्यायचा नाही. आणि सेवांचा बोर्ड बाहेर लावा, कुठला दाखला, किती दिवस, किती फी, अपील कुणाकडं. कायद्यानं लावायचाच आहे. आमच्याकडं आहे, पण आतल्या खोलीत, दाराच्या मागं 😄

त्रिचूरकर_गलाई

आटपाडीचं नाव वाचलं म्हणून लिहितोय, मी पण आपल्याच भागातला, धंद्यानिमित्त बरीच वर्षं त्रिचूरला. बाहेरचा माणूस म्हणून माझं ऐका.

इथं केरळात के-स्मार्ट म्हणून आहे, २०२४ च्या १ जानेवारीला शहरांत सुरू केलं, आणि २०२५ च्या एप्रिलपासून ग्रामपंचायतींना पण तेच. जन्म, मृत्यू, लग्न, बांधकाम परवाना, घरपट्टी, तक्रार, सगळं एकाच ठिकाणी. लग्नाची नोंदणी तर व्हिडिओवरनं ओळख पटवून होते, नवरा दुबईत आणि बायको गावात असली तरी चालतं. आपल्याकडं अजून तीन साक्षीदार, भटजीची सही आणि नमुना ड घेऊन दोघांनी समोर उभं राहायचं. मुद्दा काय, इथं पंचायतीला त्यासाठी स्वतःचं अॅप विकत घ्यावं लागत नाही. इन्फर्मेशन केरला मिशन म्हणून राज्याचीच संस्था आहे ती बनवते, सगळ्यांना एकच. त्यामुळं पंचायत बदलली तरी पोराला शिकायला नवीन काही नाही.

पण उगाच कौतुक पण नको. इथं अख्ख्या राज्यात ग्रामपंचायती ९४१, आपल्याकडं २८ हजाराच्या जवळपास. इथली एक पंचायत म्हणजे आपल्याकडची दहा गावं, सेक्रेटरी आहे, क्लार्क आहेत, इंजिनिअर वेगळा. आपल्याकडं एका भाऊसाहेबाकडं दोन-दोन गावं, मंगळवारी इकडं शुक्रवारी तिकडं. तिथली सिस्टिम उचलून इथं ठेवली की चालेल असं नाही.

गावाकडनं मला काय लागतं सांगू का, पोरांचे जन्म दाखले आणि नमुना ८. थोरल्याचा दाखला हातानं लिहिलेला, त्यावर नावच नाही, "मुलगा" एवढंच. पासपोर्टवाले क्यूआर कोडवाला मागतात. २०२३ च्या १ ऑक्टोबरनंतर जन्मलेल्यांना तर आता शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्म दाखलाच धरणार आहेत म्हणे. बाळाचं नाव नोंदवायला १५ वर्षांची मुदत असते हे पण गावात कुणी सांगितलं नव्हतं, मुदत संपत आल्यावर इथल्या एका मल्याळी क्लार्कनं सांगितलं. तुम्ही रजिस्टर बघून नाव न घातलेल्या पोरांची यादी काढा आणि आईबापांना फोन करा, बास. कुठलंच अॅप करणार नाही ते काम.

वैदेही_कोथरूड

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, काही वर्षं महापालिकांच्या प्रोजेक्टवर काम केलंय, त्यामुळे विकणाऱ्याच्या बाजूनं पण थोडं माहितीये.

पहिलं म्हणजे त्रिचूरकर म्हणतात तसं एकच सिस्टिम सगळ्यांना हे आपल्याकडे झालेलं नाही असं नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेनं वीसेक वर्षांपूर्वीच नागरी सुविधा केंद्र आणि सगळ्या खात्यांचं एकत्र सॉफ्टवेअर केलं होतं, देशात तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं, आणि नंतर राज्यानं तेच इतर नगरपालिकांना दिलं. एका ठिकाणी नीट चाललं मग पसरवलं. हा क्रम बरोबर आहे. गावोगावी वेगळं अॅप हा क्रमच चुकीचा, तीन वर्षांनी तो विक्रेता फोन उचलत नाही आणि मग डेटा कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

तरी घेणारच असाल तर त्याला विचारा, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर, पंचायतीच्या का तुझ्या? डेटा बाहेर काढून एक्सेलमध्ये देतोस का, आज, माझ्यासमोर? सीआरएस किंवा आपले सरकारशी जोडलेलं आहे का, का दाखल्याची नुसती पीडीएफ तू बनवणार (ती कुठेच चालणार नाही)? निम्मे इथेच गळतात. आणि कृपा करून जन्म-मृत्यू रजिस्टर स्कॅन करून वेबसाइटवर टाकू नका, पारदर्शकतेच्या नावाखाली असले प्रकार मी बघितलेत, आईबापाची नावं, पत्ते, सगळं उघडं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे.

आता दुसरी बाजू. नवीन कल्पनांना सरकारी दार पूर्ण बंद आहे असं समजू नका. राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीचा स्टार्टअप वीक असतो, त्यात निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यात करून बघायला वर्क ऑर्डर मिळते. मला ती पद्धत आवडते कारण निविदेत तीन वर्षांचा अनुभव आणि मोठा टर्नओव्हर मागितला की नवा माणूस दारातच संपतो, इथे निदान छोट्यावर करून बघता येतं. जिल्हा नियोजनमध्येही नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी राखीव असतो, साडेतीन टक्क्यांपर्यंत. बहुतेक तो कशाकशावर जातो ते जाऊ दे. पण तालुक्यातल्या दहा-बारा पंचायतींनी मिळून "आमची जुनी जन्म-मृत्यू रजिस्टरं स्कॅन आणि सूची करायचीत" असा एकच प्रस्ताव जिल्हा परिषदेमार्फत पाठवला तर त्याला अर्थ आहे. एकट्या गावाच्या अॅपला नाही.

सरळ_बोलतो

@वैदेही मग धुळ्याची रोहिणी ग्रामपंचायत? शिरपूर तालुका, आदिवासी भाग, पेपरलेस केली आणि २०२५ ला ई-गव्हर्नन्सचा राष्ट्रीय सुवर्ण पुरस्कार मिळाला, ते काय राज्याची वाट बघत बसले होते का. मी टीका करतो पण चांगल्याला चांगलं म्हणतो.

वैदेही_कोथरूड

चांगलंच आहे ते, मी कुठे नाही म्हटलं. पण बातम्यांत हजारावर सेवा ऑनलाइन असं वाचलं त्यात राज्याच्या पोर्टलवरच्याच बऱ्याच असणार, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या अधिसूचित सेवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, जन्म, मृत्यू, विवाह, नमुना ८, येणेबाकी नाही, निराधार, दारिद्र्यरेषा. म्हणजे त्यांनी असलेली पोर्टलं नीट वापरली आणि घराघरात लोकांना शिकवलं. माझ्या म्हणण्याला ते धरूनच आहे, विरोधात नाही.

जुने_भाऊसाहेब

एक जुन्या नोंदींचं राहिलं. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती आली तेव्हा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकं, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदींचा गाव नमुना १४, धूळ झाडून बाहेर निघाली. मोडीतली. वाचणारा माणूस शोधत फिरत होते अधिकारी, मोडी वाचकाला तेव्हा जेवढा मान मिळाला तेवढा जन्मात मिळाला नसेल. मग ते सगळं स्कॅन करून जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकलं. गरज पडली, वरून आदेश आला, तर महिन्याभरात होतं हे सगळ्यांनी बघितलं. आपल्याकडं अडतं ते मशीनपाशी नाही.

नवखा_उपसरपंच

सगळ्यांचे लय आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. सरपंचताईंना सगळा धागा वाचून दाखवला. अॅपवाल्याला आज फोन केला आणि वैदेहीताईंनी सांगितलेलं डोमेन आणि एक्सेलचं विचारलं, म्हणाला सरांशी बोलून सांगतो, तेव्हापास्नं फोन नाय. डोंगलचा विषय निघाला तेव्हा ताई गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या माझं माझ्याकडं आणून द्या. मालक जरा नाराज हायत, बघू.

सभेला ठेवतोय तीन गोष्टी, बॅटरी बॅकअप, बाहेर बोर्ड, आणि नाव न घातलेल्या पोरांची यादी. नमुना ८ चं वॉर्ड एकपासनं चालू करतो, तिथं भांडणं कमी हायत. एकच विचारायचं राहिलं, रजिस्टर स्कॅन करायला आटपाडीत एक झेरॉक्सवाला तयार हाय, पानाला दोन रुपये म्हणतोय, दोन दिवस त्याच्याकडं ठेवलं तर चालेल का?

जुने_भाऊसाहेब

अजिबात नाही. रजिस्टर कार्यालयाच्या बाहेर जाणार नाही. त्याला मशीन घेऊन पंचायतीत बोलवा, शिपाई शेजारी बसवा, आणि शिवण उसवून पानं सुटी करू देऊ नका, उसवलेलं रजिस्टर परत शिवलं की कोर्टात पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो. वरून फोटो काढणारं स्कॅनर मिळतं, ते मागवा.

केंद्रचालक_७७

आन पानं स्कॅन करताना फाइलला नाव वर्ष आन पान नंबरनं द्यायला सांगा, नाहीतर तो "न्यू फोल्डर ३" मध्ये टाकून देतो आन मग शोधायला पुन्हा मीच.